गादीतला लग्नकरार

मित्रांनो, मी एक जुना लग्नाचा करारनामा आहे. आमच्या समरकंदच्या ज्यू वस्तीत मला केतुबा म्हणतात. नुसता कागद म्हणून मला हिणवू नका. माझ्या कडेने डाळिंबं आहेत, माथ्यावर दोन पक्षी आहेत, आणि त्यातला डावा बदकासारखा दिसत असला तरी तो मोर आहे. नवऱ्याने बायकोला काय द्यायचं, तिने माहेरून आणलेल्या वस्तू कोणाच्या, पुढे पटलं नाही तर काय करायचं, हे सगळं लग्नाआधीच माझ्यावर लिहितात. भांडण पेटलं की कोण काय कबूल झालं होतं ते कोणालाच आठवत नाही, म्हणून मी लागतो.

मला लिहिलं मुल्लो हिझकियो यांनी. ते आमच्या वस्तीतले धर्मपंडित. अक्षर देखणं, स्वभाव तिरसट. लग्न होतं निसोन आणि इस्तामचं. निसोन रेशमाला नीळ चढवणारा रंगारी, त्याचे हात कोपरापर्यंत निळे. लिहून झाल्यावर मुल्लोंनी विचारलं, आणखी काही अट घालायची आहे का? ओढणीखाली इस्तामची मान हलली. तिला सांगायचं होतं की मला समरकंद सोडायला लावू नका. बहीण पलीकडच्याच अंगणात होती, आईची कबर टेकडीवर होती. पण तिने तोंड उघडायच्या आत निसोन म्हणाला, "प्रेमात अटी कसल्या घालायच्या?"

वऱ्हाडी बेहद्द खूश झाले. चांगल्या दिवशी अविश्वास नको म्हणून इस्तामच्या वडिलांनीही हात हलवून नको म्हटलं. निसोनने मला उचललं तेव्हा त्याचे हात घामाने ओले होते. अटींसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर नेमका त्याच्या अंगठ्याचा निळा ठसा उमटला. लग्नाच्या दिवशी तरी हात धुवायचे होते, हे इस्तामचं लग्नानंतरचं पहिलं वाक्य.

सुरुवातीला माझा काय थाट होता! मी दिवाणखान्याच्या भिंतीवर असायचो. पाहुणे माझं कौतुक करायचे आणि मोर की बदक यावर वाद घालायचे. मग भिंतीला ओल आली, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली आणि मी पेटीत हिवाळी कोटांच्या तळाशी गेलो. सव्वीस वर्षं गेली. कसरीखेरीज कोणी माझी चौकशी केली नाही.

अशात निसोनच्या भावाने ताश्कंदला मोठा रंगखाना काढला आणि त्याला बोलावणं धाडलं. जेवता जेवता, तोंडात पुलाव असतानाच, निसोनने जाहीर केलं की द्राक्षं उतरली की आपण कायमचे ताश्कंदला जायचं. त्याने विचारलं नाही, सांगितलं. इस्ताम भांडली नाही. तिथेच त्याने सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला पेटीतून काढलं, रेशमी रुमालात गुंडाळलं, एका गादीत घातलं आणि पांढऱ्या दोऱ्याने शिवून टाकलं. मग अंगणात जाऊन तिने गळा काढला की आमचा केतुबा हरवला.

आमच्याकडे एक नियम आहे. केतुबा हरवला तर नवा लिहून होईपर्यंत नवरा-बायकोने एका छपराखाली राहायचं नाही. सव्वीस वर्षांनी हा काय पोरखेळ, म्हणून निसोन खूप चिडला. पण मुल्लो हिझकियो बधणारे नव्हते. शेवटी निसोनने रागारागाने ढिगातली वरची गादी ओढली आणि तो गावातल्याच आपल्या छोट्या रंगखान्यात राहायला निघाला. मित्रांनो, मी त्याच गादीत होतो. इस्ताम धावत दारात आडवी आली. ती गादी ओली आहे, दुसरी घ्या, असं ती सांगून पाहू लागली. निसोनला वाटलं, हिला साधी गादीसुद्धा देववत नाही. मग तर त्याने मला डोक्यावरच घेतलं आणि भर बाजारातून मिरवत नेलं.

आठवडाभर सगळी वस्ती मला शोधत होती. कोणी पेट्या उपसल्या, कोणी कोंबड्यांचं खुराडं धुंडाळलं. शेजारच्या बकरीवर आळ आला. निसोन आपल्या बहिणीकडे, बुलोरकडे, जेवायला जायचा. तिच्या पुलावाने खिडक्या चिकटवता आल्या असत्या.

मुल्लो नवा करारनामा लिहायला बसले तेव्हा इस्ताम म्हणाली की लिहिताच आहात तर एक अट घाला, माझ्या संमतीशिवाय घर दुसऱ्या गावी हलवायचं नाही. निसोन भडकला. एवढा संसार झाल्यावर हा अविश्वास?

मुल्लोंनी मान वर न करता सांगितलं, "अविश्वास असता तर तिने काही मागितलंच नसतं. सरळ बहिणीकडे जाऊन राहिली असती."

निसोन सही न करताच निघून गेला. त्या दिवशी इस्ताम खरी घाबरली. गाव राखायला गेले आणि घरच मोडून बसले, असं ती बहिणीजवळ म्हणाल्याचं मला मागाहून कळलं.

निसोन रंगखान्यात आला आणि गादीवर धपकन पडला. पाठीखाली काहीतरी कुरकुरलं. उंदीर असतील म्हणून त्याने शिवण उसवली, तर आत मी! त्याला आधी कमालीचा आनंद झाला. जुना केतुबा सापडला म्हणजे नवा नको, अट नको, ताश्कंद पक्कं. बायकोची लबाडीही चव्हाट्यावर येणार होती. मला फडकवत धावत सुटायला त्याने जोडेसुद्धा चढवले. तेवढ्यात त्याची नजर मोकळ्या जागेवरच्या निळ्या ठशावर गेली. तो तसाच खाली बसला.

"तेव्हा मीच मध्ये बोललो," तो निळीच्या कुंडाला म्हणाला.

त्याने मला पुन्हा रुमालात गुंडाळलं, गादीत ठेवलं आणि शिवून टाकलं. जवळ होता तो निळाच दोरा. टाके असे की त्या बकरीनेही बरे घातले असते. मग तो मुल्लोंकडे गेला आणि म्हणाला, लिहा अट. त्याने सही केली आणि गादी डोक्यावर घेऊन तो घरी परतला. इस्ताम या वेळी खरंच रडली. भावाला उत्तर गेलं की आम्ही येत नाही, तूच खरबुजं खायला ये.

वसंतात आमच्या वल्हांडणाच्या सणाआधी घराची झाडलोट निघाली तेव्हा मला गुपचूप काढायला इस्तामने गादी पुढ्यात घेतली. तिला निळे टाके दिसले. ती बराच वेळ त्यांच्यावरून बोट फिरवत बसली. निसोन जेवायला आला तेव्हा तिने विचारलं, "अहो, ही गादी कोणी शिवली?"

निसोनने निळे हात मांडीखाली लपवले. "उंदरांनी," तो म्हणाला.

"मग त्या उंदराला आणखी पुलाव वाढू का?"

आता पेटीत आम्ही दोघे असतो. नव्यावर पक्षी नाहीत, पण अट आहे. मित्रांनो, जुन्या कागदांना ओल आणि कसर यांपासून जपा. आणि कोणी विचारलं, आणखी काही लिहायचं आहे का, तर घाईने उत्तर देऊ नका. शेजारी बसलेल्या माणसाची मान हलली का, तेवढं आधी बघा.