एकदाच म्हणायचं ‘थांब’

लोक तासन्‌तास माझ्याकडे तोंड करून बसतात, पण मला कुणी बघत नाही. मी पडदा. जाड पांढऱ्या कापडाचा, कडांना पितळी कड्या ठोकलेला. माझ्यावर राजे मेले, नागिणी नाचल्या, सासवा शेवटच्या पाच मिनिटांत सुधारल्या. त्यातल्या कशाचाही डाग माझ्यावर राहिला नाही. डाग आहेत ते गुळाचे आणि पुराचे.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका शिंप्याच्या माडीवर झाला, तंबू टॉकीजसाठी. जत्रा-जत्रांतून हिंडलो. तंबू बंद पडला तेव्हा मालकानं मला शिरोळच्या पाहुण्याला देऊन टाकलं. पाहुण्यानं मला ट्रॉलीतल्या गुळाच्या ढेपांवर पांघरलं. पुढे नदीचं पाणी गावात शिरलं आणि मी गोठ्याच्या पत्र्याला अडकून बसलो. कलेची सेवा करणाऱ्यांचं म्हातारपण असंच जातं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तिथून मला संघप्रियानं आणलं. ती वारणानगरला एका कॉलेजात शिकवते आणि उचगावला वडिलांबरोबर राहते. तिनं मला धुतलं, विहाराशेजारच्या हॉलमध्ये टांगलं आणि दर शनिवारी संध्याकाळी पिक्चर सुरू केले. एकदा भुताचा, एकदा प्रेमाचा, एकदा मारामारीचा, एकदा देवाचा. पिक्चर संपला की तिचा एकच प्रश्न असे, “असले पिक्चर बघून आपल्यात काय बदललं?”

उत्तरं ऐकण्यासारखी असत. “प्रेमाच्या पिक्चरनं काय केलं म्हणून इचारता?” शेजारच्या तानाबाई म्हणाल्या, “माझ्या नातीला आन नातजावयाला लग्नाआधी फोटोवाल्यानं पन्हाळ्यावर पिक्चरवानी पळवलं की. नातजावयाचा पाय मुरगाळला. अक्षता पडताना लंगडत हुभा!” मारामारीच्या पिक्चरनंतर गल्लीतल्या सम्राटनं दाढी वाढवली आणि तो आईकडे चहासुद्धा धमकी दिल्यासारखा मागू लागला. सासुरवासाच्या पिक्चरनंतर दोन घरांतल्या सुना आठवडाभर सासूशी बोलल्या नाहीत. सासवा म्हणाल्या, असले पिक्चर आणखी आणा. देवाच्या पिक्चरला निम्मी मंडळी चपला बाहेर काढून बसली, निम्मी हाताची घडी घालून. सगळ्यात लांब चर्चा तीच चालली.

या शनिवारांचा एक नियम आहे. एका पिक्चरमध्ये प्रत्येकाला एकदाच “थांब” म्हणता येतं. म्हटलं की संघप्रिया चित्र थांबवते, आणि थांबवणाऱ्यानं कारण सांगायचं. दुसऱ्यांदा थांबवता येत नाही. हा नियम ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या गुंडूमुळे आला. तो दर गाडीला थांबवायचा आणि इंजिनावर बोलायचा.

मग गणपतराव एक पेन ड्राईव्ह घेऊन आले. उसाचं मोठं रान, गावात शब्दाला वजन. “मॅडम, लई रडवलं तुम्ही. आता आपल्या मातीतला इनोदी लावा.” त्यांनी पिक्चरचं नाव सांगितलं, आणि माझ्या कड्या गार पडल्या.

तो पिक्चर माझ्यावर तंबूत लागला होता. त्याचं शूटिंग इथल्याच शिवारात झालं होतं. त्यात एक प्रसंग आहे. पाटील वाटेत आडव्या आलेल्या पोराला लाथ घालतो, पोरगा चिखलात पडतो, उठून हात जोडतो आणि म्हणतो, “चुकलं मालक.” लोक हसून लोळायचे. तो पोरगा म्हणजे बाबासो, संघप्रियाचे वडील. नवा सदरा घालून, दोस्तांना घेऊन तो स्वतःला बघायला तंबूत आला होता. मध्यंतराआधीच निघून गेला. त्यानंतर गावात त्याचं नावच “चुकलं मालक” पडलं. हॉटेलात, बसमध्ये, अगदी मयतीच्या गर्दीतसुद्धा. अखेर बाबासोनं वारणानगरच्या कारखान्यात नोकरी धरली, तिथंच संसार केला आणि निवृत्त झाल्यावर परत आला. हाक मारणारे बरेचसे तोवर गेले होते.

संघप्रियाला यातलं काही माहीत नव्हतं. “माझे आप्पा जन्मात कुणापुढं वाकले नाहीत,” असं ती पोरांना सांगायची. बाबासो ते ऐकून दुसरीकडे बघायचा.

शनिवारी दुपारी ती माझ्या दोऱ्या ताणत होती. बाबासो दारात उभा.

“ह्यो नको लावूस.”

“का हो आप्पा?”

“जुना हाय.”

“म्हणून तर लावायचा.”

“भुताचा लाव की परत.”

“कारण सांगा, लगेच बदलते.”

बाबासोनं माझ्याकडे बघितलं. मी कोरा होतो, तरी त्याला दिसायचं ते दिसलं असावं. “कारण काय असतंय? सहज म्हटलं,” असं म्हणून तो गेला.

संध्याकाळी तो आला आणि पुढच्याच रांगेत बसला. त्याचा बेत मला कळला. तो प्रसंग आला की आधीच “थांब” म्हणायचं आणि काहीतरी वाद उकरून काढायचा. आठाला हॉल रिकामा करावा लागतो. वाद लांबला की पिक्चर अर्धा राहतो. असे कितीतरी राहिले होते.

पिक्चर सुरू झाला. हशा पिकू लागला. गणपतराव मांडीवर थाप मारत होते. एवढ्यात गल्लीत घोड्यावरून पाटील आला, दोन्ही बाजूंची माणसं वाकली.

“थांब!”

चित्र थांबलं. बाबासोची गल्ली चुकली होती. ही पाटलाची पहिली फेरी. लाथेची गल्ली पुढं होती.

“का आप्पा?” संघप्रियानं विचारलं.

बाबासो माझ्याकडे बघत राहिला. चिखल नव्हता, पोरगाही नव्हता. “घोडा...” तो म्हणाला.

“घोड्याचं काय?”

“घोडा झ्याक हाय की बाबासो!” गुंडू ओरडला, आणि सगळे हसले.

“काय न्हाय. चालू कर.”

त्याचा “थांब” संपला. नियमापुढे संघप्रिया बापाचंही ऐकत नाही. मला फाटता आलं असतं तर फाटलो असतो, पण शिंपी प्रामाणिक होता.

आला चिखल. आला पाटील. लाथ बसली. तानाबाई पदर तोंडाला लावून खदखदल्या, हॉल त्यांच्यामागून. पोरगा उठला, त्याचा चेहरा माझ्याएवढा मोठा झाला. आणि बाबासो उठून थेट उजेडात येऊन उभा राहिला. त्याचा तरुण चेहरा त्याच्याच पांढऱ्या सदऱ्यावर पडला.

“ओ पावणं, खाली बसा की!” मागून कुणीतरी ओरडलं.

तो बसला नाही. सदऱ्यावरचे ओठ हलले, “चुकलं मालक.” संघप्रियानं एकदा सदऱ्याकडे, एकदा वरच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिचा हात बटणावर पडला, चित्र थांबलं.

“ह्यो मी हाय,” बाबासो म्हणाला.

गणपतराव म्हणाले, “अरे बाबासो, पिक्चर हाय त्यो. मनावर काय घेतोस?”

“पिक्चर मागनं झाला, गणपतराव. लाथ आधी बसली. नीट बसंना म्हणून चारदा घातली.” मग तो लेकीकडे वळला. “मागं घे. लाथ हाय तिथं थांबव. माझा थांब गेला, तुझा वापर.”

“आप्पा, नको.”

“वापर म्हणतो न्हवं.”

तिनं मागं घेतलं. हशा नसताना तो प्रसंग किती वेळ चालतो ते मला पहिल्यांदाच कळलं. “थांब,” ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. पाय हवेत राहिला. आता नियमाप्रमाणे कारण सांगायचं होतं.

“आप्पा कुणापुढं वाकत नाहीत,” ती म्हणाली. “मला वाटायचं, तो त्यांचा स्वभाव आहे.”

बाबासो माझ्या कडेला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली नाही.

“तंबूतबी हसलते मी,” तानाबाई म्हणाल्या. “आजबी पयली मीच. कशाला हसले, सांगाय येईना बघ.”

त्या दिवशी पुढची चर्चा झाली नाही. गणपतराव पेन ड्राईव्ह न घेताच गेले. पुढच्या शनिवारी आले, मागच्या रांगेत बसले. पेन ड्राईव्ह अजून मागितलेला नाही.

माझं आता वय झालंय. वरची शिवण उसवतेय, एका कोपऱ्यात गुळाचा डाग हिरोच्या कपाळावर येतो. लवकरच इथं चकचकीत टीव्ही लागेल, असं ऐकतो. लागू दे. जाण्याआधी एवढंच मागतो. पिक्चरच्या मधेच कुणी उजेडात येऊन उभं राहिलं, तर “खाली बसा” म्हणून ओरडू नका. पिक्चर कुठं पळून जात नाही. तो माणूस कशाला उठलाय, ते आधी विचारा.