चार कप्प्यांचा खिसा

"अगं, पण ती होती कोण?"

सासूबाईंचा हा प्रश्न त्या घरात रोज संध्याकाळी ठरलेला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे टीव्हीवरचा सिनेमा त्या बघत नसत, ऐकत. आणि घरात लागत ते सगळे एकाच जातीचे सिनेमे. आधी काळा पडदा, त्यावर "सत्य घटनेवर आधारित" अशी अक्षरं, मग वारा, मग दाराची करकर आणि मग किंकाळी.

"आजी, थांब ना! आता मारणार आहेत तिला," नात ताट मांडीवर घेऊन म्हणायची.

"मारतील गं. ओरडतेय त्यावरून कळलंच मला. पण त्याआधी ती काय करायची? कुणाची कोण?"

"सिनेमात ते नसतं, आजी."

"मग काय असतं?"

"भीती!"

"हात्तिच्या, ती तर फुकट मिळते," असं म्हणून सासूबाई जेवू लागायच्या. नातीला अकरा सिनेमांतले अकरा खुनी त्यांच्या हत्यारांसकट तोंडपाठ होते. मेलेल्यांपैकी एकीचंही काही सांगता आलं नसतं. वाचकहो, तिला नावं ठेवण्याआधी आपण स्वतःला विचारून बघावं. आपल्याला तरी कुठे सांगता येतं?

नातीची आई या सिनेमांना घाबरत नसे, कारण ती त्यांचेच कपडे शिवायची. स्टुडिओच्या कपडेपटात तिला अठरा वर्षं झाली होती. ओठांत कायम तीन टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळे तिला टाचणीताई म्हणत. टाचण्यांमुळे बोलणं कमी, आणि मुळातही स्वभाव मवाळच. पडद्यावर कुणाची बाही टरकन फाटली, की घरच्यांच्या अंगावर काटा यायचा आणि ही शांतपणे म्हणायची, "ती शिवण मीच कच्ची ठेवली होती."

एके दिवशी कपडेपटाच्या मॅडमनी टाचणीताईच्या टेबलावर एक फोटो ठेवला. वर्तमानपत्रातला, मोठा करून आणलेला. निळसर, लांब बाह्यांचा सदरा घातलेली एक तरुण मुलगी उन्हात डोळे बारीक करून हसत होती. मागे नजर पोचेल तिथवर वाळू.

"नऊ वर्षांपूर्वीची केस आहे," मॅडम म्हणाल्या. "हुबेहूब असाच सदरा हवा. पाच नग. एक स्वच्छ, दोन मळके, एक फाटका, एक रक्ताचा."

"गोष्ट काय आहे?"

"शहरातली मुलगी. थरार हवा म्हणून एकटीच वाळवंटात भटकायला जाते. तिथे एक पडकी वस्ती, वस्तीत मुकी माणसं. ती नुसती बघत राहतात. मग एकेक भयंकर प्रकार सुरू होतात."

"आणि खरं काय झालं होतं?"

"खरं तेच की. मारलीच ना तिला!" मॅडम घाईत होत्या. "आणि हो, तो उजवीकडचा खिसा गाळून टाका. विचित्र दिसतोय."

खरंच विचित्र होता. टाचणीताईने भिंग लावून पाहिलं. चांगला वीतभर खोल खिसा, त्यावर तीन उभ्या शिवणी, म्हणजे चार अरुंद कप्पे. तळाशी दुहेरी टाका. तयार कपड्याला असा खिसा नसतो. कुणीतरी मागाहून, हाताने, मन लावून शिवला होता. कशासाठी? मोबाइल त्यात मावला नसता, पाकीटही नाही. पेनं? पेनांना एवढी खोली कशाला?

झालं! डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. खिसा गाळ म्हटल्यावर गाळून मोकळी झाली असती, तर ती टाचणीताई कसली? तिने उरलेल्या कापडावर तसाच खिसा बेतला, घरी नेला आणि त्यात कंगवा घालून बघितला, कात्री घालून बघितली, चष्म्याची काडी घालून बघितली. काहीच चपखल बसेना. शेवटी तो सासूबाईंच्या हातात दिला.

सासूबाईंनी बोटं आत घातली आणि बराच वेळ चाचपत राहिल्या.

"यात जे ठेवायचं होतं, ते आडवं होऊन चालणार नव्हतं," त्या म्हणाल्या.

"कशावरून, आई?"

"दिसत नाही ना मला, म्हणून कळतं. चारही घरं उभी आणि तळ जाड. काहीतरी जड होतं, आणि ते सांडू द्यायचं नव्हतं. आता जिने शिवलं, तिलाच विचार की."

"असं कसं विचारू? तिची आई असेल तर... काय वाटेल तिला?"

"आणि न विचारता सिनेमा काढताय, त्याचं काय वाटेल?"

टाचणीताईने तो फोटो ज्या बातमीत छापला होता, ती बातमी शोधून काढली.

ती बातमी ज्या बातमीदाराने लिहिली होती, त्याने आढेवेढे घेत मुलीच्या आईचा नंबर दिला. "सांभाळून बोला हं," एवढं मात्र दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलामागे उभं राहून टाचणीताईने फोन लावला. टाचण्या तोंडातून काढून मुठीत धरल्या. देवाचं नाव घेतलं. आणि शिवणारीचं डोकं ते, सुरुवात थेट कपड्यापासून केली!

"नमस्कार. मी तुमच्या लेकीच्या सदऱ्याबद्दल बोलतेय. निळसर, उजवीकडे चार कप्प्यांचा खिसा..."

पलीकडून लगेच आवाज आला.

"सापडला?"

"अं?"

"देणार परत? खटला संपून सात वर्षं झाली हो, पण पुरावा आहे, मिळणार नाही, असंच सांगतात. तुम्ही कोर्टाच्या कचेरीतून बोलताय ना? कधी येऊ न्यायला? मी उद्या येते. आजसुद्धा येते!"

मुठीतल्या टाचण्या तळहातात रुतल्या तरी टाचणीताईला कळलं नाही. आपण काय करून बसलो! एका आईला आशा लावली आणि आता ती आपल्याच तोंडाने तोडायची.

"बाई, मला क्षमा करा," ती कशीबशी म्हणाली. "मी कचेरीतली नाही. मी शिंपीण आहे. तुमच्या मुलीवर सिनेमा निघतोय, त्यातले कपडे शिवते. सदरा नाही सापडला. मी नीट बोलायला हवं होतं. चुकले."

फोन आता आपटला जाईल, असं तिला वाटलं. आपटला असता तर ते न्याय्यच होतं. पण पलीकडून थकलेला आवाज आला, "मग खिशाचं काय विचारत होतात?"

"तो कशासाठी होता?"

"कशासाठी?" त्या आईला रडू आलं की हसू, ते फोनवर कळेना. "नऊ वर्षांत शंभर माणसं आली असतील दारात. कशी मारली, कुठे मारली, शेवटचं काय बोलली, हेच विचारून गेली. खिशाचं कुणी नाही विचारलं. ऐका. माझी मुलगी पाणी तपासायची. वाळवंटातल्या वस्त्यांच्या विहिरींत असं काहीतरी आहे, ज्याने पोरांचे पाय वाकडे होतात. ही दर पंधरवड्याला जाऊन नमुने आणायची. गाडी वाळूत रुतते, म्हणून पुढे दोन तास पायी. पिशवीत बाटल्या लवंडायच्या, बुचं ढिली व्हायची. मला म्हणाली, आई, बाटली उभी राहिली पाहिजे गं. म्हणून शिवला. तीनदा उसवला, तेव्हा जमला."

टाचणीताईला सासूबाईंची चाचपणारी बोटं आठवली.

"आणि ती वस्तीतली माणसं?" तिने हळूच विचारलं.

"देवमाणसं! तीन दिवस वाळू तुडवत त्यांनीच शोधलं तिला. हिने दाखवलेल्या गोड विहिरीचं पाणी पितात आजही. मारलं ते परतीच्या रस्त्यावर, ज्या गाडीत बसली त्या गाडीवाल्याने. आमच्याच शहरातला, रोजचा ओळखीचा. वाळवंटाने नाही हो मारलं तिला! सिनेमा थांबवा म्हणत नाही, ते माझ्या हातात नाही. पण ती उनाडायला गेली होती, असं तेवढं नका दाखवू. अजून बायका बाजारात कुजबुजतात, कशाला गेली होती कडमडायला एकटी? उद्या सगळं जग म्हणेल."

त्यानंतर ती आपल्या मुलीच्या खिशाची मापं सांगत राहिली, आणि टाचणीताई इस्त्रीच्या कपड्याखालचा कागद ओढून ती लिहून घेत राहिली.

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शकासमोर कपड्यांची चाचणी होती. नायिका स्वच्छ सदरा घालून आली. उजवीकडे खिसा होता आणि खिशात पाणी भरलेल्या चार बाटल्या. मॅडमनी कपाळाला हात लावला.

दिग्दर्शकाचं लक्ष आधी खिशाकडे गेलंच नाही. "तू अशी का चालतेयस?" त्याने नायिकेला विचारलं.

"बाटल्या आहेत ना, सर. हिंदकळतात." तिचा उजवा हात आपोआप खिशावर गेला होता, पावलं जपून पडत होती. इतके दिवस तालमीत ती नुसती भेदरलेली चालत होती. आज पहिल्यांदाच कुठेतरी काम असलेल्या माणसासारखी चालली.

"बाटल्या? कुणी सांगितलं?"

टाचणीताईने ओठांतल्या तिन्ही टाचण्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. तसं करताना तिला फारसं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले. तिने सगळं सांगितलं. चुकलेल्या फोनसकट.

"ताई, आपण भयपट करतोय," दिग्दर्शक वैतागून म्हणाला. "पाणीपुरवठ्याचा माहितीपट नव्हे! लोक घाबरायला येतात."

"घाबरू देत ना. पण कशाला घाबरायचं ते तरी खरं सांगा. तुमचा सिनेमा बघून लोक वाळूला घाबरतील, त्या बिचाऱ्या वस्तीवाल्यांना घाबरतील, आणि घरी मात्र तसल्याच ओळखीच्या माणसाच्या गाडीत बसून जातील! मग कुणाचं काय भलं झालं?"

"अहो, पण प्रेक्षकांना उत्सुकता असते ती..."

"उत्सुकता मलाही होती, साहेब. म्हणून तर खिशापाशी अडले. उत्सुकता वाईट नाही, ती अर्ध्यावर सोडणं वाईट. ती कशी मेली एवढंच विचारलं आणि कशाला गेली होती ते विचारलंच नाही, की दोष आपोआप तिच्यावर जातो. अठरा वर्षं मीही नाही विचारलं. नुसती शिवत राहिले." तिचा आवाज चढला नाही. "रक्ताचा सदराही मी शिवीन. पण तिचं काम कापून तिचं रक्त तेवढं ठेवायचं असेल, तर ही सुई दुसऱ्या कुणाच्या हातात द्या."

मॅडम खाली बघू लागल्या. दिग्दर्शकाने नायिकेच्या खिशातली एक बाटली काढली, उजेडात धरली, परत ठेवली, पुन्हा काढली.

"त्या दिवशी तिने किती बाटल्या भरल्या होत्या?" त्याने अचानक विचारलं.

"ते नाही मी विचारलं."

"मग विचारा ना! म्हणजे... त्यांना चालणार असेल तर. मी बोलू का?"

अहो, जो माणूस पाच मिनिटांपूर्वी माहितीपट नको म्हणून वैतागत होता, तोच आता स्टुलावर बसून फोन कानाला लावून लिहून घेत होता! तीन भरल्या होत्या, असं आईने सांगितलं. चौथ्या विहिरीपर्यंत पोचायच्या आत वारा सुटला, म्हणून ती मागे फिरली. वस्तीतल्या एका म्हातारीने तिला थांब म्हटलं होतं, पण नमुने दुपारच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवे होते.

दिग्दर्शकाने फोन ठेवला. चष्मा काढून पुसला. "माझ्या सिनेमात त्या म्हातारीला मी भूत केलं होतं," तो म्हणाला.

सगळंच बदललं असं नाही. पोस्टरवरचा किंचाळणारा चेहरा निर्मात्यांनी हलू दिला नाही. पण सिनेमा सुरू झाला तो एका विहिरीपाशी, बाटलीत पाणी भरणाऱ्या हातांपासून. मुकी माणसं बोलू लागली. आणि सगळ्यांत भयंकर प्रसंग झाला तो गाडीचं दार हसत उघडून धरणाऱ्या एका साध्या, ओळखीच्या माणसाचा.

टाचणीताईने त्या मुलीच्या आईला विचारून पहिला, स्वच्छ सदरा तिच्याकडे धाडला. उलट टपाली दोन ओळी आल्या. "सदरा तिचा नाही, हे हात लावताच कळलं. पण खिसा अगदी बरोबर आहे. तेवढाच मी ठेवून घेतलाय."

त्या संध्याकाळी घरी पुन्हा एक नवा सिनेमा लागला होता. वारा, करकर, किंकाळी.

"अगं, पण ती होती कोण?" सासूबाईंनी विचारलं.

नातीने रिमोट उचलला आणि किंकाळी मधेच थांबवली. "थांब हं, आजी," मोबाइल हातात घेत ती म्हणाली. "बघते. तोवर कुणी पुढे चालू करायचं नाही."

आणि त्या घरात पहिल्यांदाच तिघीजणी एका अनोळखी बाईबद्दल शोधत बसल्या. ती शाळेत शिकवायची. तिला दोन भाऊ होते.

वाचकहो, दुसऱ्याच्या दुःखाची गोष्ट आपण ऐकतो, बघतो, त्यात पाप नाही. पण ज्याचा जीव गेला तो कुणाचा तरी होता, कुठल्या तरी कामाला निघाला होता. आपली भीती भागवण्यासाठी त्याचं जगणं उसवून टाकायचा हक्क आपल्याला नाही. म्हणून किंकाळी ऐकण्याआधी आपणही त्या सासूबाईंसारखं एवढंच विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं: अगं, पण ती होती कोण?