राखेने घासलेली बाटली

मी एक जुनी बाटली आहे, तपकिरी काचेची, गळ्याशी जरा टवका उडालेली. भट्टीत जन्मले, हे सगळ्याच बाटल्या सांगतात, म्हणून ते लांबवत नाही. राहुरीच्या एका प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षे औषधे सांभाळली. पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी कपाटामागे धूळ खात पडले. तिथून मला हन्नाने बाहेर काढले, पाण्यात उकळले आणि म्हणाली, "हिचंच झाकण घट्ट बसतं." मित्रांनो, माझे एवढेच काय ते कौतुक झाले, पण मी त्याच्यावर फार खूश होते.

हन्ना तळ्यांतल्या जिवाणूंचा अभ्यास करते. डोळ्यांना न दिसणारे हे जीव सूर्याचा उजेड पकडून त्यातून बळ घेतात. एकाच तळ्यात त्यांची किती घराणी! काठावरचे वेगळे, डोहातले वेगळे. कोणाला कोणता उजेड पकडता येतो, ते त्यांच्या जनुकांवरून ठरते. हन्नाला हा वेगळेपणा तपासायचा होता.

पारनेरकडच्या एका गावतळ्याचा गाळ काढायचे ठरले होते. दुपारी जेसीबी बांध फोडून पाणी ओढ्यात सोडणार होता. त्याआधी हन्ना गावातल्या कानिफनाथने दिलेल्या ट्रकच्या ट्यूबवर बसून डोहापर्यंत गेली आणि तिथले पाणी तिने माझ्यात भरले. वाटेत ऊन लागू नये म्हणून मला काळ्या फडक्यात गुंडाळले.

कानिफनाथची आई, गोजरबाई, तिला जेवल्याशिवाय सोडीना. हन्ना आत भाकरी खात असताना गोजरबाईंनी ओट्यावर माझे फडके सोडले, हिरवट पाणी पाहून नाक मुरडले आणि ते शेवग्याला ओतले. मग मला राखेने लख्ख घासले, जारचे गार पाणी भरले आणि फडके होते तसे गुंडाळून ठेवले.

हन्नाने मला बर्फाच्या डब्यात ठेवून स्कूटी सुरू केली. प्रत्येक खड्ड्याशी ती गाडी हळू करी. माझा जीव टांगणीला लागला होता. एवढे जपून ती नेत काय होती? तिकडे बांध फुटत असेल! अगं, एकदा फडके सोडून बघ! पण बाटलीला तोंड असते, जीभ नसते, त्याला मी काय करणार?

नगरच्या अलीकडे तिचा फोन वाजला. गोजरबाईंचा होता.

"पोचलीस का बाई? वाटंनं पानी प्यालीस का न्हाई?"

"कोणतं पाणी, मावशी?"

"अगं, तुझ्या बाटलीतलं. तळ्याचं घान पानी वतून दिलं म्या. ऊन लई हाय, म्हनून जारचं भरलंय."

हन्नाने फडके सोडून माझ्यातले नितळ पाणी पाहिले. मग तिने गाडी माघारी वळवली.

आम्ही पोहोचलो तेव्हा डोहाच्या जागी चिखल होता आणि मधोमध घमेलेभर पाणी. हन्ना गुडघाभर चिखलात उतरली. तिने मला रिकामे केले, त्याच पाण्याने विसळले आणि भरले. गोजरबाई काठावर पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या पाण्यात कोण राहते, ते हन्नाने त्यांना फोनवरच सांगितले होते.

"माझ्यामुळं झालं का गं?"

"नाही मावशी," हन्ना खोटे बोलली.

"यवढ्याशा पान्यात कुनी जित्तं ऱ्हायलं असंल का?"

हन्नाने माझे झाकण लावून मला काळ्या फडक्यात गुंडाळले. गोजरबाईंनी मला हात लावला नाही, नुसते विचारले, "फडकं घट्ट बांधलंय न्हवं?"

आता मी पुन्हा अंधारात, बर्फाच्या डब्यात आहे. माझ्यात कोण उरले, कोण कायमचे गेले, मला कळत नाही आणि फार भीती वाटते. मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी विनवतात की आम्हाला स्वच्छ ठेवा. मी वेगळेच मागते. घाण दिसते म्हणून काही ओतून देण्याआधी, त्यात कोणी राहते का, एवढे विचारा.