दोन्ही बाजूंनी मीच

आमच्या तत्त्वज्ञानाच्या धंद्यात एक शिस्त आहे. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते त्याच्याहून चांगलं मांडून दाखवायचं. ही शिस्त माझ्या अंगात इतकी भिनली आहे की घरीसुद्धा मी नवऱ्याच्या वतीने भांडते.

"मी म्हणेन, पडदे निळे घेऊ. तू म्हणशील, नको, पिवळे घे, खोलीत उजेड वाटेल. मी म्हणेन, पटलं. झालं तर मग, पिवळे!"

नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर तो लोकांना तोंड उघडायला लावून प्रश्न विचारतो आणि कुणालाच उत्तर देता येत नाही. घरी आल्यावर हीच गत त्याची होते. पडदे पिवळे आले आणि आपण त्याचं ऐकलं, या आनंदात मी आठवडाभर होते.

पडद्यांवर भागलं असतं तर ठीक होतं. पण इथल्या विद्यापीठात मी कितीतरी वर्षं हंगामी म्हणून लटकत होते आणि दूरच्या एका विद्यापीठाने मला कायमची जागा देऊ केली. इथे कायम होण्यासाठीची मुलाखत फसली तर मी तिकडे जाणार हे उघड होतं. तेही मी जेवणाच्या टेबलावर असंच मिटवलं. "तू म्हणशील, जा तू. माझा दवाखाना इथे, मला कुठे हलता येतंय, सुट्टीत भेटू. मी म्हणेन, बरं." तो भांडी विसळायला उठला. अडवलंसुद्धा नाही मला! मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले आणि पुढे दोन दिवस त्याच्याशी तुसड्यासारखी वागले.

मुलाखतीला उमेदवाराने व्याख्यान द्यायचं आणि विभागातल्या एकाने उठून त्याच्या चिंध्या करायच्या, असा आमचा रिवाज. माझा सिद्धान्त साधा होता: एकट्याने वाद घालून कुणालाही स्वतःचं मत बदलता येत नाही, त्याला दुसरा माणूस लागतोच. चिंध्या करायला होते पणसर. त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतं, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव. ऐन वेळी त्यांचा घसा पार बसला. ते उभे राहिले, "प..." म्हणाले आणि पुढे नुसती हवा आली.

विभागप्रमुख बाई घड्याळाकडे बघायला लागल्या. आक्षेपाशिवाय मुलाखत पुरी होत नाही आणि पुढची तारीख मिळेपर्यंत मी गेलेली असणार.

"मी मांडते ना सरांचा आक्षेप!" मी म्हणाले.

व्याख्यान ऐकायला येऊन मागच्या रांगेत बसलेल्या नवऱ्याने कपाळाला हात लावला.

मी फळ्यापासून धावत पणसरांच्या खुर्चीशी गेले आणि त्यांच्यासारखी मान तिरकी करून म्हणाले, "पण बाई, चुकीच्या रस्त्याला लागलेला माणूस मधेच थांबतो, डोकं खाजवतो आणि मागे फिरतो. तिथे कोण दुसरा असतो?" परत फळ्याकडे पळाले. "तिथे रस्ता त्याला सांगतो, सर!" परत खुर्चीकडे. "पण रस्ता काय बोलतो का?" लोक हसायला लागले आणि मला चेव चढला. खडू उडाला, एक चप्पल फळ्याशीच राहिली. मी पणसरांच्या वतीने असा काही मुद्दा काढला की फळ्याशी परत आल्यावर मला उत्तरच सुचेना. डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अरेच्चा! माझं चुकलंच की!" मी ओरडले. "मी आत्ता, तुमच्या देखत, एकटीने स्वतःचं मत बदललं. सिद्धान्त खलास!"

इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. मग आठवलं, ही मुलाखत आहे. आपल्याच हाताने मी पायावर धोंडा पाडून घेतला होता.

तेवढ्यात पणसरांनी टेबलावर थाप मारली आणि सगळा जीव घशात आणून कुजबुजले, "पण एकट्या कुठे होतात? मी होतो ना इथे! माझ्यामुळे सुचलं तुम्हाला. सिद्धान्त बरोबर आहे!"

"साफ चूक आहे!" मी म्हणाले. "तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत!"

आक्षेप घेणारा माझ्या बाजूने आणि मी त्याच्या. आम्ही हमरीतुमरीवर आलो तेव्हा प्रमुखबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं.

बाकावर नवरा चप्पल घेऊन बसला होता.

"संपलं," मी म्हणाले. "आता तू म्हणशील..."

"मी तिकडे जागा बघून आलोय," तो म्हणाला.

"कसली जागा?"

"दवाखान्याची. तुझ्या त्या विद्यापीठासमोर. तू जाशील तिथे मी येणार."

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. इतकी वर्षं त्याची बाजू मी मांडली आणि हे एक वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. जन्मभर सुचलं नसतं.

"मग बोलला का नाहीस?"

"माझं तूच बोलत होतीस. म्हटलं, बघू, कधी श्वास घेते."

मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. त्याची बाही धरून मी त्याला ओढतच आत नेलं. "सर, तुम्ही बरोबर! मीही बरोबर होते! एकटीला नाही जमत. हा बघा पुरावा, याला विचारा!"

"अहो, तुम्हाला आम्ही मघाशीच घेतलं," प्रमुखबाई म्हणाल्या. "पण विचारतो. काय हो डॉक्टर, तुमचं काय म्हणणं?"

सवयीने माझं तोंड उघडलं. मी ते हाताने दाबून धरलं. नवऱ्याने घसा साफ केला, चष्मा पुसला.

"मला पिवळा रंग अजिबात आवडत नाही," तो म्हणाला.