माल्कीचा खोकला

खाण पाहायला जायचं नाही, हे अट्रॅक्टा मॅकगॅरीने ठरवून टाकलं होतं. डोंगरातली ती कोळशाची खाण बंद पडून जमाना झाला होता. आता तिथे तिकीटघर झालं होतं, चहाची खोली झाली होती, आणि तिचाच मुलगा फिन्टन डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून डब्लिनच्या लोकांना आतले बोगदे दाखवत होता. फिन्टनने पहिल्या वर्षी बोलावून पाहिलं, मग नाद सोडला. शेवटी शेजारच्या डिम्फनानेच तिला गाठलं. पोरगं सगळ्या जगाला खाण दाखवतंय आणि आई एकदा फिरकत नाही, बरं दिसतं का, असं तिने इतक्या वेळा ऐकवलं, की एका शनिवारी अट्रॅक्टा वैतागून तिच्या गाडीत जाऊन बसली. फिन्टनला कळवू नकोस, एवढंच बजावलं.

ती घोळक्याच्या अगदी मागे राहिली. हेल्मेटखाली सगळे सारखेच दिसत होते. पुढे फिन्टन बोलत होता आणि चांगलं बोलत होता. इथला कोळशाचा थर हातभर जाडीचा. म्हणून माणसं पाण्यात कुशीवर पडून कुदळ मारायची, हे त्याने स्वतः चिखलात आडवं होऊन दाखवलं. अट्रॅक्टाला नाही म्हटलं तरी बरं वाटलं. उगाच हट्ट धरला आपण, असंही मनात येऊन गेलं.

मग बोगदा वळला, तिथे तो थांबला.

"आता आमच्या म्हाताऱ्या खाणकामगाराला भेटा," तो म्हणाला. "याच्या गावाला पहाटे उठायला कोंबड्याची गरज नव्हती."

तो कमरेत वाकला, डावा हात बरगडीवर दाबला, शीळ घातल्यासारखा श्वास ओढला आणि खोकू लागला. मग खिशातून रुमाल काढला, त्यात पाहिलं आणि पुढे धरला. "काळी कॉफी. दूध कुणाला हवंय?"

बोगदाभर हशा झाला. डिम्फनाही हसली.

अट्रॅक्टाने ते ओळखलं. ती शीळ, तो बरगडीवरचा हात, सगळं माल्कीचं होतं. तिच्या नवऱ्याचं. शेवटच्या हिवाळ्यात तो खुर्चीतच झोपायचा, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. त्याचे रुमाल तिने या हातांनी उकळून धुतले होते. आणि खाणवाल्यांचा डॉक्टर सांगून गेला होता, की हे सिगारेटचे परिणाम आहेत. जन्मात सिगारेट न ओढलेल्या माणसाला.

"पुढचं कर," ती मागून म्हणाली.

लोक वळून पाहू लागले. फिन्टनने दिवा वर केला आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, आपण बाहेर बोलू."

"बाहेर कशाला? हसलेत ते इथंच. तुझा बाप एवढ्यात थांबत नसे. ओठ निळे पडेपर्यंत खोकायचा. कर ना ते."

फिन्टनने दिवा खाली घेतला. ती भिंतीला हात लावत उजेडाकडे चालू लागली. तिकीटघरातली व्यवस्थापकबाई चहाचा कप घेऊन धावली, तो अट्रॅक्टाने न पिता तसाच मेजावर ठेवला. डिम्फना गाडीपाशी रडवेली होऊन म्हणाली, "तो माल्की होता, मला कळलंच नाही गं."

"दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर चाललं असतं का?" अट्रॅक्टाने विचारलं, आणि डोंगर पायीच उतरली.

संध्याकाळी ती बटाटे सोलत होती तेव्हा फिन्टन आला. त्याने समजावून पाहिलं. रडगाणं ऐकायला कोणी येत नाही, मध्येच हसवलं नाही तर लोक मोबाइल काढतात, व्यवस्थापकबाईंनीच काहीतरी गमतीचं घाल म्हणून सांगितलं होतं. तिने मान वर केली नाही. सालं मात्र जाड निघत होती.

"मला त्याचा चेहरा आठवत नाही, आई," तो शेवटी म्हणाला. "फोटोतला आठवतो, तेवढाच. भिंतीपलीकडून मला खोकलाच ऐकू यायचा. बाप म्हणून माझ्याकडे दुसरं काय आहे?"

तिच्या हातातली सुरी थांबली. पण राग उतरला नाही. उलट आणखी खोल गेला. खाणीने नवरा नेला होता, आणि पोराला बापाच्या नावावर एक खोकला ठेवला होता.

"मग तो त्यांना हसायला का देतोस?" ती म्हणाली.

तो न जेवताच गेला.

पुढच्या शनिवारी त्याने काय केलं, ते डिम्फनाकडून कळलं. फिन्टन त्याच वळणावर थांबला होता. हा माझा बाप, माल्की मॅकगॅरी, असं म्हणून तो खोकू लागला आणि थांबलाच नाही. लोक आधी हसले, मग चुळबुळले, मग एकीने आपल्या मुलीचे कान झाकले. त्यानंतर त्याने डॉक्टरचं आणि सिगारेटचं सांगितलं. तक्रार झाली. फिन्टनला बोगद्यातून काढून तिकिटांच्या खिडकीत बसवलं.

हे ऐकून अट्रॅक्टाने कोट चढवला आणि ती थेट डोंगरावर गेली. व्यवस्थापकबाईंनी आवाज मऊ ठेवला. लोक सुट्टीचा दिवस आनंदात घालवायला येतात, खोकला आता कार्यक्रमातून पूर्णच काढलाय, तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो, वगैरे.

"भावना राहू द्या," अट्रॅक्टा म्हणाली. "खोटा खोकला तुम्हाला चालला. खरा झाल्याबरोबर काढलात. फाटकाबाहेरचा रस्ता तुमचा नाही ना?"

तेव्हापासून दर शनिवारी ती फाटकाबाहेर उभी राहते. येणाऱ्यांना माल्कीचं सांगते, कुशीवरच्या मजुरीचं, डॉक्टरचं, सगळं. ती गोड बोलत नाही. पुष्कळजण नजर चुकवून आत जातात. काही थांबतात, प्रश्न विचारतात. एक म्हातारा तर ऐकता ऐकता तिथल्या दगडावरच बसला. त्याचा भाऊ असाच गेला होता.

आणि खिडकीतून तिकीट देताना फिन्टन प्रत्येकाला विचारतो, "बाहेरच्या बाईंचं ऐकलंत का? नसेल तर आधी तिकडे जाऊन या." ही नोकरी फार दिवस टिकणार नाही, हे त्याला माहीत आहे. तिलाही माहीत आहे.