बिनदाराचं स्टेशन

"हे आपलं नाही, बाबा."

लिबानं अजून कोटही काढला नव्हता. दाराशी बूट काढून, बुख्टींचा, म्हणजे मुरंबा भरलेल्या गोड पावांचा, डबा हातात घेऊन ती तशीच आत आली होती आणि वेंदेलिनच्या खुर्चीमागे उभी राहून पडद्याकडे बघत होती. पडद्यावर एक छोटं रेल्वे स्टेशन होतं. पांढऱ्या भिंती, लाल छप्पर, निळं दार, दारावर घड्याळ, पुढे करडा फलाट. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांचं स्टेशन, पण त्यातली एकही वीट हातात घेण्यासारखी नव्हती. वेंदेलिननं त्या एकेक करून कॉम्प्युटरमध्ये बसवल्या होत्या, आणि मग कॉम्प्युटरनं त्यांच्यावर ऊन पाडून फोटोसारखं चित्र काढलं होतं.

"आपलं नाही म्हणजे?" वेंदेलिन म्हणाला. "वीट न् वीट बरोबर आहे. मूळ संचाच्या पुस्तिकेवरून केलंय. हिनेकनं तपासलंय."

"मग हिनेककडं असेल असलं. आपल्याकडं नव्हतं."

"बस तरी. कॉफी टाकतो."

तो उठला. दोन कपांत कॉफीची पूड घातली, वरून उकळतं पाणी ओतलं आणि गाळ खाली बसायची वाट बघत तिथंच उभा राहिला. हल्ली तो असाच उभा राहायचा.

रादिम फेब्रुवारीत गेला होता. वेंदेलिनचा मुलगा, लिबाचा थोरला भाऊ. जर्मनीत ट्रक चालवायचा. हमरस्त्यालगतच्या तळावर ट्रक लावून झोपला, तो उठलाच नाही. सकाळी शेजारच्या ड्रायव्हरनं काचेवर टकटक केलं, तेव्हा कळलं. पुढचं सगळं वेंदेलिननं नीट केलं. सह्या केल्या, लग्नकार्याचा काळा सूट घातला, आलेल्या प्रत्येकाशी हात मिळवला. म्हातारा खंबीर आहे, असं लोक म्हणाले. त्याला मात्र काहीच वाटत नव्हतं. बसून बसून पाय बधिर होतो, आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. दुसऱ्या आठवड्यात तो कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला.

ते काम त्याला हिनेकनं शिकवलं होतं. दोघंही रेल्वेतले. वेंदेलिन यार्डात मालगाडीच्या वाघिणींची चाकं हातोडीनं ठोकून तडा गेलाय का ते आवाजावरून ओळखायचा, हिनेक तिकीट खिडकीवर बसायचा. हिनेकच्या क्लबातले लोक जुने, आता कुठं मिळत नसलेले विटांचे संच कॉम्प्युटरमध्ये पुन्हा उभे करायचे. नियम एकच होता. संच डब्यातून निघाला तसाच झाला पाहिजे, भिंतीच्या आत दडलेल्या, कुणाला कधी न दिसणाऱ्या विटांसकट. मिलाडा, वेंदेलिनची बायको, गेल्यावर हिनेकनंच त्याला ओढून नेलं होतं. "घरात बसून भिंतीकडं बघतोस, त्यापेक्षा भिंत बांध," असं म्हणाला होता.

आता वेंदेलिनला हे चित्र स्मशानातल्या कोनाड्यासाठी हवं होतं. त्यांच्या गावच्या, प्रेरोवच्या, स्मशानात अस्थिकलश ठेवायची भिंत आहे. एकेक कलशाला एकेक कोनाडा, कोनाड्याला काचेचं दार आणि कुलूप. आत लोक गेलेल्याचा फोटो ठेवतात, एखादी खेळण्यातली मोटार ठेवतात, फुटबॉल संघाचा गळपट्टा ठेवतात. रादिमच्या कोनाड्यात नुसता कलश होता. लिबानं पासपोर्टचा फोटो मोठा करून आणला होता. वेंदेलिननं तो परत दिला. "यात तो कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देतोय," तो म्हणाला होता. दुसरे फोटो फारसे नव्हतेच. बाप आणि मुलगा शेवटची वीस वर्षं सणासुदीला फोनवर हवापाण्याचं बोलत होते. मुलाला काय आवडायचं म्हणून वेंदेलिननं खूप आठवलं, तेव्हा त्याला एकच वस्तू आठवली. हे स्टेशन. दुशिच्कीला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव मेणबत्त्या घेऊन तिथं जाणार. त्याआधी कोनाड्यात ते लागायला हवं होतं. घरातलं विटांचं खरं स्टेशन सत्याण्णवच्या पुरात गेलं होतं. बेच्वा नदीचं पाणी तळघरात शिरलं, आणि नंतर सैनिकांनी चिखलाबरोबर सगळंच फावड्यानं उपसून बाहेर टाकलं.

लिबानं कॉफीचा घोट घेतला. "चांगलं केलंय हो. उगाच बोलले मी."

"काय चुकलंय ते सांग."

"राहू दे ना."

"लिबा."

तिनं कप खाली ठेवला. "दार."

"दाराचं काय? निळंच होतं."

"निळं होतं. पण आपल्या स्टेशनला दार नव्हतं, बाबा. होतं ते पहिले दोन दिवस."

वेंदेलिननं भिंतीकडे बघितलं. भिंतीवर चौऱ्याऐंशीच्या नाताळातला फोटो होता. मिलाडाच्या भावानं काढलेला, आता रंग उडून नारिंगी झालेला. टेबलावर स्टेशन, मागे आठ वर्षांचा रादिम, त्याचा उजवा हात स्टेशनच्या पुढून वळसा घालून आलेला. घरात त्या फोटोला सगळे 'स्टेशनमास्तर' म्हणायचे. पोरगं बघा कसं मालकी दाखवतंय, असं मिलाडा प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

"तळहात बघा," लिबा म्हणाली. "बरोबर दारावर आहे."

तो खुर्चीवरून उठून फोटोजवळ गेला. चष्मा कपाळावर चढवला. इतकी वर्षं तो फोटो तिथं होता.

"मला दिलं त्यानं," लिबा म्हणाली. "मी बुटांच्या खोक्यात बाहुलीचं घर केलं होतं. त्याला दार नाही म्हणून भोकाड पसरलं होतं मी, आठवतंय? आई म्हणाली, रडू दे तिला. रादिम आला, आणि त्यानं स्टेशनचं दार उपटून मला दिलं. म्हणाला, घे, पण बाबांना दाखवू नकोस."

"मग परत का नाही लावलं?"

"कुठनं लावणार! त्रौब्कीच्या बाबिच्कानं, आजीनं, ते खोकं शेगडीत घातलं. कचरा समजून. दारासकट. 'कसला वास येतोय गं,' म्हणून म्हातारी घरभर हिंडत होती, आणि आम्ही दोघं पलंगाखाली." तिला हसू आलं. मग ते गेलं.

"सांगायचं होतं मला."

लिबानं त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही काय म्हणाला होतात, स्टेशनचा डबा उघडताना?"

त्याला आठवेना. डबा तुझेक्समधून आणला होता हे आठवत होतं. परदेशी मालाच्या त्या दुकानात साधा पैसा चालत नसे. बोनी, म्हणजे खास कुपनं, लागायच्या, आणि त्या स्टेशनमागच्या गल्लीत तोंड न हलवता बोलणाऱ्या माणसाकडून घ्याव्या लागायच्या. मिलाडाला हिवाळी बूट घ्यायचे राहिले होते त्या वर्षी.

"म्हणालात, यातली एक जरी वीट हरवली तर सगळा डबा तुझेक्सला परत नेऊन देईन. मी चार वर्षांची. मला वाटायचं, तुझेक्स म्हणजे कुणीतरी माणूस आहे. मोठ्या मिशांचा."

"तिथं कुणी परत घेतलं असतं का?"

"आम्हाला काय माहीत!"

"ते आपलं बोलायचं म्हणून बोललो असेन."

"हो," लिबा म्हणाली. "असंच असेल."

तिनं डबा उघडून दोन बुख्टी बशीत काढल्या आणि बशी त्याच्याकडे सरकवली. त्यानं एक घेतली, खाल्ली. आतला आलुबुखाराचा मुरंबा गोड आहे हे त्याला कळत होतं. तिची दवाखान्यातली दुपारपाळी होती. जाताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आहे तसंच लावू या चित्र. त्यालाही दार आवडलंच असतं."

ती गेल्यावर तो फोटोपुढे उभा राहिला. मग त्याला फडताळ आठवलं. स्टेशन फडताळावर असायचं, आणि नेहमी पाठमोरं. पाहुण्यांना मागची भिंत आणि तिच्यातली एकच खिडकी दिसायची. एकदा त्यानं विचारलं होतं, "हे उलटं का ठेवतोस रे?" रादिम म्हणाला होता, "गाडी त्या बाजूनं येते." रेल्वेच्या माणसाला ते उत्तर इतकं आवडलं होतं की त्यानं ते यार्डात चार जणांना सांगितलं होतं.

तो कॉम्प्युटरपुढे बसला. दारावर खूण केली, एक बटण दाबलं. दार गेलं.

दारावरची घड्याळाच्या विटांची ओळ तशीच हवेत राहिली. कॉम्प्युटरला वजन कळत नाही. वीट कशालाही टेकलेली नसली तरी ती जागच्या जागी राहते, चित्रही छान येतं. म्हणून क्लबवाले दुसऱ्या एका प्रोग्राममधून सगळं तपासून घेतात. त्यानं तपासलं. घड्याळावर आणि त्यावरच्या छपरावर धोक्याची लाल खूण आली. ती ओळ दाराच्या चौकटीवरच टेकत होती. दाराशिवाय स्टेशन उभं राहणं शक्य नव्हतं.

पण ते उभं होतं. फडताळावर होतं, आणि रादिम सैन्यात गेला तेव्हा वेंदेलिननंच ते तळघरात नेलं, तेव्हाही उभंच होतं. दोन्ही हातांत धरून, त्याची समोरची बाजू न बघता नेलं होतं.

त्यानं लिबाला फोन लावला. ती बसमध्ये होती.

"घड्याळ कशावर टेकलं होतं?"

"काय?"

"दार काढल्यावर. घड्याळ खाली आलं असतं."

"अहो, बसमध्ये आहे मी." मग तिचा आवाज बारीक झाला. "काड्या लावल्या होत्या. दोन."

"कसल्या काड्या?"

"आगपेटीच्या. जळक्या. तुमच्या रक्षापात्रातल्या. तुम्ही सिगारेट पेटवलीत की तो बघत बसायचा. काही काड्या तुम्ही लवकर विझवायचात, त्या लांब राहायच्या. त्यातली उचलायचा."

"कोऱ्या होत्या की पेटीत."

"त्या तुमच्या होत्या ना," लिबा म्हणाली. "जळक्या कुणाच्याच नव्हत्या."

फोन ठेवल्यावर त्यानं खुर्ची पुढे ओढली. मग कामाला लागला.

विटांच्या यादीत आगकाडी नव्हती. त्यानं एक बारीक दांडी घेतली, तिला लाकडाचा रंग दिला, टोक काळं केलं. ते रंगवलेल्या पेन्सिलीसारखं दिसायला लागलं. तो स्वयंपाकघरात गेला. सिगारेट सोडून बरीच वर्षं झाली होती, पण मेणबत्त्यांसाठी आगपेटी असायची. त्यानं काडी पेटवली, थोडी जळू दिली, विझवली आणि बशीत ठेवून बघत बसला. काळं एका जागी संपत नव्हतं. मधे तपकिरी पट्टा होता, आणि जळलेला भाग थोडा वाकून एका बाजूला झुकला होता. त्यानं आणखी एक पेटवली. ती दुसऱ्या बाजूला झुकली. तशाच दोन केल्या, चौकटीच्या जागी उभ्या केल्या आणि तपासलं. लाल खूण गेली.

दोन दिवसांनी हिनेक आला. घरात शिरल्या शिरल्या त्यानं डबा शोधला, उरलेली बुख्टी तोंडात कोंबली आणि पडद्याकडे वळला.

"वेंदा, अरे दार विसरलास."

"नाही."

"मग कुठं गेलं? आणि हे काय लावलंयस मधे, दातकोरणी?"

"जळक्या काड्या आहेत."

"काड्या!" हिनेक हसत खुर्चीवर बसला. "क्लबात हे दाखवलंस ना, तर माझं नाव कापतील. शिकवलं कुणी म्हणून विचारतील. डब्यातून निघालं तसं पाहिजे बाबा."

"क्लबचं वेगळं आहे. दाराचं. ते पाठवलंय."

"आणि हे?"

"हे आमचं."

हिनेकनं चघळणं थांबवलं. भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग परत फोटोकडे. तिकीट खिडकीवर बसलेला माणूस, लोकांच्या तोंडाकडे बघून गप्प बसायचं त्याला कळत होतं.

"छप्पर टिकेल का पण यावर?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"पूर आला तोवर टिकलं होतं."

"सूर्य मागच्या अंगाला घे मग," हिनेक म्हणाला. "दार नाहीच आहे, तर उजेड तरी आरपार येऊ दे. आणि पांढरा जरा पिवळट कर. कॉम्प्युटरमधल्या विटा कायम काल आणल्यासारख्या दिसतात."

त्यांनी सूर्य मागे नेला, पांढरा पिवळट केला आणि चित्र शिजायला ठेवलं. क्लबवाले त्याला शिजवणंच म्हणतात, कारण कॉम्प्युटर तापतो आणि पंखा घरघरत राहतो. पडद्यावर आधी नुसती रवाळ राख दिसली. मग हळूहळू छप्पर आलं. भिंती आल्या. सगळ्यात शेवटी फलाटावर उन्हाची एक आडवी पट्टी आली आणि तिच्यात दोन काड्यांच्या सावल्या. दोघंही बघत बसले. हिनेक जाताना म्हणाला, "छापायचं माझ्याकडं लागलं." वेंदेलिननं मान हलवली.

दुशिच्कीला गार वारा होता. स्मशानाच्या फाटकापासून शेवंतीच्या कुंड्या घेतलेल्या लोकांची रीघ लागली होती. लिबानं कोनाड्याचं कुलूप काढलं, काच बाहीनं पुसली. वेंदेलिननं चित्र कलशाच्या शेजारी उभं केलं. ते घसरलं. त्यानं पुन्हा उभं केलं, आणि खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली.

शेजारच्या कोनाड्याशी आलेली एक म्हातारी वाकून बघायला लागली. "स्टेशन वाटतं. रेल्वेत होता का?"

"नाही," वेंदेलिन म्हणाला. "मी होतो."

"छान आहे हो. पण दार नाही का त्याला?"

"नाही."

"गार वारं शिरेल की आत," म्हातारी म्हणाली आणि आपल्या मेणबत्तीकडे वळली.

लिबानं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते, हसण्यानं की कशानं ते मागून कळत नव्हतं. वेंदेलिननं काच लावली, कुलूप घातलं, किल्ली तिच्या हातात दिली. भिंतीखालच्या दगडी पट्टीवर लाल काचेतली मेणबत्ती ठेवली आणि खिशातून आगपेटी काढली. पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरी त्यानं ओंजळीत धरली. वात पेटली.

त्यानं काडी फुंकली. ती अर्ध्याहून जास्त उरली होती. आजूबाजूला सगळ्यांच्या काड्या जमिनीवर ओल्या पानांत पडल्या होत्या. त्यानं ती बोटांतच धरली. टोक गार झालंय का, अंगठा लावून बघितलं. मग कोटाचं वरचं बटण सोडून त्यानं ती काडी मोडू न देता आतल्या खिशात उभी ठेवली, आणि लिबा म्हणाली, "चला बाबा," तेव्हा तो तिच्याबरोबर निघाला.