पिंपाचा आवाज

रांग शाळेच्या दाराशी पोहोचली तेव्हा यांकुबा पुढे आला आणि उगाचच बायकोच्या डोक्यावरचा रुमाल सारखा करू लागला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने असलं काही केलं नव्हतं, त्यामुळे कुम्बा सावध झाली.

"मी आंब्याखाली बसतोय," तो हळूच म्हणाला. "साहेबांच्या पिंपाचा आवाज जाड आहे. बाकीची दोन नुसती किणकिणतात. मला बाहेरून कळतं बरं का."

"माहीत आहे," कुम्बा म्हणाली.

आमच्या गॅम्बियात मत म्हणजे गोटी. अधिकारी हातावर एक गोटी ठेवतो. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराचा फोटो चिकटवलेलं एकेक पिंप असतं. हव्या त्या पिंपाच्या नळीत गोटी सोडली की आतली घंटी एकदा वाजते, ती ऐकून अधिकारी पुढच्याला बोलावतो. गोटी कुठल्या पिंपात पडली ते अल्लाला आणि सोडणाऱ्याला ठाऊक. पण गाव म्हटलं की कानांना तोटा नसतो. प्रत्येक पिंपाचा आवाज वेगळा, असं छातीठोकपणे सांगणारे आमच्याकडे घरटी एक आहेत, आणि यांकुबा त्यांचा मुकादम. इंजिनाच्या आवाजावरून कुणाची होडी परततेय हे तो सांगायचा आणि ते बहुतेक बरोबर निघायचं. त्यामुळे पिंपांच्या बाबतीतही कुणी त्याच्याशी वाद घालत नसे.

कुम्बा किनाऱ्यावर बोंगा मासे धुरावर सुकवायची. धुरीघर गावाचं होतं, म्हणजे गावप्रमुखाचं होतं, आणि गावप्रमुख साहेबांचा, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा, माणूस. मागच्या खेपेला पलीकडच्या वाडीतल्या दोन बायकांचं मत भलतीकडे पडल्याची नुसती कुजबुज झाली, तर त्यांच्या चुली धुरीघरातून बाहेर निघाल्या. यांकुबा प्रमुखाच्या पुढेपुढे करणारा. बायकोच्या गोटीवर त्याचीही पत अडकली होती.

आणि दुसरीकडे सान्कुंग होता. कुम्बाचा धाकटा भाऊ, तिने पाठीवर बांधून वाढवलेला. शहरात निवडणुकीच्या मोर्चात फलक धरला म्हणून त्याला उचललं आणि खटला न चालवता आत ठेवलं. विरोधकांनी सभांमधून जाहीर सांगितलं होतं, आम्ही आलो तर या पोरांना सोडू. कुम्बा त्याला भेटायला गेली तेव्हा जाळीपलीकडून त्याने एकच गोष्ट मागितली होती.

"ताई, मला मत देता येणार नाही. माझं तू दे."

ती हो म्हणाली होती. नवऱ्यालाही हो म्हणाली होती. कुम्बाने जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. वडिलांनी यांकुबाकडे बोट दाखवलं तेव्हा हो, सासूने मासे सुकवायला पाठवलं तेव्हा हो. दोन हो एकमेकांच्या अंगावर येतील हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अधिकाऱ्याने तिचं बोट शाईत बुडवलं, हातावर गोटी ठेवली, आणि ती पडद्यामागे गेली.

आत भयंकर शांत होतं. साहेब फोटोतून हसत होते. शेजारच्या पिंपावरचा विरोधी उमेदवार शाळामास्तरासारखा दिसत होता. कुम्बाने हात त्याच्या नळीवर नेला. सान्कुंगचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मग आंब्याखाली कान टवकारून बसलेला नवरा आठवला, धुरीघराबाहेर पडलेल्या चुली आठवल्या, आणि हात मागे आला. तिने तो पुन्हा पुढे नेला. बाहेर अधिकारी खाकरला. घामाने गोटी मुठीत निसटू लागली.

तेवढ्यात घंटी वाजली.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या आसपास सायकल आणू नये असा नियम आहे, तो याचसाठी. पण पाववाल्या दुदूला नियम आठवायला उशीरच झाला. भिंतीमागच्या बोळात त्याच्यापुढे बकरी आली आणि सवयीचा अंगठा घंटीवर पडला. भिंतीच्या जाळीतून कुम्बाला तो दिसला. त्याने जीभ चावली, खाली उतरला आणि चोरासारखा सायकल ढकलत निघून गेला.

"झालं ना मावशी? या आता," अधिकारी म्हणाला. "पुढचे कोण?"

आता सोडते, एक क्षण थांबा, असं म्हणावं तर घंटी दोनदा वाजणार आणि पोलीस धावणार. मूठ उघडून दाखवावी तर गोटी चोरली म्हणतील. पुढची बाई पडदा सारून आत आलीसुद्धा. कुम्बा तिच्या बाजूने बाहेर पडली. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला हलकंच वाटलं. कुणाचाच शब्द मोडावा लागला नव्हता.

आंब्याखाली हिरव्या चहाची किटली उकळत होती आणि यांकुबाचा चेहरा उजळला होता.

"जाड वाजली," तो भोवतालच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? अगदी साहेबांच्याच पिंपाची."

कुम्बा त्याच्याकडे बघत राहिली. त्याने ऐकली होती ती दुदूच्या सायकलची घंटी. म्हणजे याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. आजवर कधीच कळलं नव्हतं. तिने गोटी कुठल्याही पिंपात टाकली असती तरी हा असाच हसला असता, आणि या फुसक्या कानाला भिऊन तिने भावाचं मत मुठीत घेऊन बाहेर आणलं होतं. शाळेचं दार पंधरा पावलांवर होतं, आणि ते आता तिच्यासाठी बंद होतं. तिथेच बसकण मारून रडावं असं तिला वाटलं. पण कुणीतरी चहाचा पेला पुढे केला आणि तिने तो घेतला.

घरी जाताना तिने खाडीत गोटी फेकली. संध्याकाळी शाळेत मोजणी झाली, भोकांच्या फळीवर गोट्या लावल्या, तर एक कमी भरली. सगळ्यांनी मिळून त्या बिचाऱ्या अधिकाऱ्याला फैलावर घेतलं. हे कुम्बाला शेजारणीने सांगितलं, आणि ती "हो का?" म्हणाली.

साहेब हरले. आमच्या गावात जिंकले, देशात हरले. लोक रस्त्यावर नाचले. मग बरेच दिवस भीतीत गेले, कारण साहेब खुर्ची सोडेनात. शेवटी तेही गेले आणि तुरुंगांची दारं उघडली. तोवर यांकुबा आपण पहिल्यापासून बदलाच्याच बाजूचे, असं सांगत फिरू लागला होता. गावप्रमुखही तेच सांगत होता, त्यामुळे एकमेकांना हसायची सोय नव्हती.

सान्कुंग आला तो ओळखू येईना. एक पाय ओढत चालत होता. घर माणसांनी भरलं. कुम्बाने शेंगदाण्याच्या रश्श्याचा भात मोठ्या परातीत काढला आणि सगळे भोवती बसले. दोन घास खाऊन तो थांबला.

"मला नव्या सरकारने सोडवलं असं सगळे म्हणतात," तो बहिणीकडे बोट दाखवून म्हणाला, "पण मला हिने सोडवलं. आत असताना मी ती घंटी रोज मनात वाजवून बघायचो. ताई, सांग ना, आवाज कसा आला?"

कुम्बा परातीतला भात सारखा करू लागली.

"किणकिण वाजली," यांकुबा परातीपलीकडून म्हणाला. "स्वच्छ किणकिण. मी आंब्याखालीच होतो की."

सान्कुंगने बहिणीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. मग तिने परातीतला बोंगा आपल्याकडे ओढला आणि त्याचे काटे काढू लागली. बोंग्याला काटे फार. एकेक काढून ती मासा त्याच्या बाजूच्या भातावर ठेवत राहिली. सान्कुंग एवढा दाढीवाला बाप्या, पण ती देत गेली तसं खात राहिला.